अतिथीसाठी राखलेले जाळे

जबलपूरचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा प्रपात आठवावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु नर्मदेकाठच्या या नगराचे एक दुसरे रूपही आहे, आणि ते पाहावयाचे तर नावेत न बसता शहराबाहेर जाणाऱ्या सडका धराव्या लागतात. मंडल्याच्या सडकेवर १९८८ साली स्थापन झालेली उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्था लागते. आधारतालच्या बाजूला १९६४ पासूनचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आणि त्याच भागात, शेतातल्या तणाचाच शास्त्रीय अभ्यास करणारे, १९८९ साली राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झालेले तणसंशोधन संचालनालय लागते. नागपूरच्या सडकेवर, गढ्याच्या परिसरात, आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करणारी १९८४ सालची राष्ट्रीय संस्था आहे. डुमना विमानतळाच्या वाटेवर २००५ साली निघालेली माहिती-तंत्रज्ञानाची संस्था आहे. आणि रिज रोडवर, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत १९४२ साली उघडलेले तारखात्याचे प्रशिक्षण केंद्र आजही भारत संचार निगमाच्या छत्राखाली दूरसंचाराचे शिक्षण देत उभे आहे.

अशा संस्थांना पाहुण्यांची वाण कधीच नसते. नागपूरहून व्याख्यानासाठी आलेले प्राध्यापक, गोंदिया-बालाघाटच्या मार्गाने प्रशिक्षणासाठी आलेला वनरक्षक, डिंडोरीकडून बियाण्याची चौकशी करावयास आलेला शेतकरी, परीक्षक, लेखापरीक्षक, यंत्र दुरुस्त करावयास आलेला कंपनीचा माणूस, अशा नाना प्रकारच्या मंडळींची तेथे सतत ये-जा असते; आणि या सर्वांची पहिली मागणी, पूर्वी पाण्याची असे, तशी आता वायफायच्या पासवर्डची असते. ही मागणी गैरवाजवी आहे असे कोणी समजू नये. व्याख्यात्याची चित्रे त्याच्या संस्थेच्या संगणकावर असतात, लेखापरीक्षकाला आपल्या कार्यालयाची कागदपत्रे उघडावयाची असतात, आणि शेतकऱ्यालाही आपल्या जमिनीचा खसरा मोबाइलवरच दाखवावयाचा असतो. पाहुण्याला जोडणी नाकारणे म्हणजे त्याचे निम्मे काम नाकारणे होय. तरीही ती जोडणी देताना संस्था त्याला एक निराळे नेटवर्क देते, त्याचा मोबाइल क्रमांक विचारते, मुदत घालते, आणि एका लांबलचक नियमपत्राखाली 'मला मान्य आहे' असे त्याच्याकडून वदवून घेते. हे नियम कशासाठी असतात, त्यांतले कोणते खरोखर आवश्यक आहेत, आणि त्यांच्या बदल्यात पाहुण्याचे संस्थेकडे काय मागणे असू शकते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

मुसाफिराला आसरा देणाऱ्यावर काही कर्तव्ये लादावीत, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८६७ साली हिंदुस्थान सरकारने सरायांसाठी एक कायदा केला. त्या कायद्याने सरायवाल्याला आपले नाव सरकारदफ्तरी नोंदविणे भाग पडले; मॅजिस्ट्रेटने फर्माविल्यास आदल्या दिवशी वा रात्री कोण कोण उतरले होते याची माहिती त्याने द्यावी, कोणी सांसर्गिक रोगाने आजारी पडल्यास जवळच्या पोलीस ठाण्यास तत्काळ वर्दी द्यावी, पहारेकरी ठेवावेत, असे त्याला बंधन घालण्यात आले; आणि आणखी एक कलम असे होते की, जिल्हा मॅजिस्ट्रेट सांगेल त्या ठिकाणी, त्या नमुन्यात आणि त्या भाषांत त्याने आपल्या दरांची यादी लावावी. आजच्या कोणत्याही संशोधनसंस्थेचे अतिथी-नेटवर्कविषयीचे नियम घेतले, तर ओळख, नोंद, संसर्गाची वर्दी आणि पहारा ही सरायकायद्यातली पहिली चारही कर्तव्ये त्यांत नव्या वेषात सापडतात. पाचवे मात्र, म्हणजे पाहुण्याला समजेल अशा भाषेत फलक लावण्याचे, बहुधा सापडत नाही. त्याकडे आपण शेवटी वळू.

संसर्गापासून आरंभ करणे बरे, कारण पाहुण्यासाठी स्वतंत्र नेटवर्क का, या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. एखाद्या प्रयोगशाळेत प्रवेश केल्यास लाखो रुपयांच्या विश्लेषणयंत्राशेजारी एक जुनाट संगणक ठेवलेला पुष्कळदा दिसतो. त्याची संचालनप्रणाली कंपनीने केव्हाच टाकून दिलेली असते आणि तिच्यातली भगदाडे बुजविणारी दुरुस्ती येणे कायमचे बंद झालेले असते. परंतु यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालत नाही आणि यंत्र बदलण्यास पैसा नसतो, म्हणून तो संगणक तसाच कामावर रुजू राहतो. हा संगणक आणि रक्ताच्या नमुन्यांची माहिती, सिकल सेल वा मलेरियाच्या रुग्णांच्या नोंदी ज्यावर आहेत ती यंत्रे, एकाच अंतर्गत जाळ्याला जोडलेली असतील, आणि त्याच जाळ्यात कोणा पाहुण्याचा संसर्गदूषित लॅपटॉप आला, तर पाहुण्याच्या मनात काडीमात्र वाईट नसतानाही अनर्थ ओढवू शकतो. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेला 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू नेमका याच रीतीने एका संगणकावरून शेजारच्या संगणकावर, कोणी काहीही न उघडता, आपोआप सरकत गेला होता. त्याला थोपविणारी दुरुस्ती त्याच्या जवळजवळ दोन महिने आधी प्रसिद्ध झालेली होती, पण ती ज्यांनी बसविली नव्हती ते सापडले. आपल्या देशातले उदाहरण याहून बोलके आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची संगणकव्यवस्था अशाच हल्ल्याने बंद पडली, रुग्णांची नोंद कित्येक दिवस कागदावर हाताने करावी लागली, आणि पुढे सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात त्याचे कारण म्हणून नेटवर्कची योग्य विभागणी नसल्याचे सांगितले.

ही विभागणी करण्यासाठी वेगळी तार टाकावीच लागते असे नाही. भिंतीवरचे तेच वायफायचे यंत्र दोन वा तीन नावांनी हाक देते. ज्या नावाने आपण जोडले जातो त्यानुसार आपल्या प्रत्येक संदेशाला एक क्रमांकाचा शिक्का बसतो, आणि पुढच्या प्रत्येक वळणावरचा स्विच तो शिक्का पाहून त्या संदेशाला आपापल्या मार्गाने धाडतो. पाहुण्याच्या शिक्क्याचा मार्ग थेट बाहेरच्या इंटरनेटकडे जातो. आतल्या छपाईयंत्राकडे, संचिकांच्या कोठाराकडे, प्रयोगशाळेकडे जात नाही. चांगल्या व्यवस्थेत एका पाहुण्याचे उपकरण दुसऱ्या पाहुण्याच्या उपकरणालाही दिसत नाही. 'मला एक पान छापावयाचे आहे, पण प्रिंटर का सापडत नाही?' ही पाहुण्याची नेहमीची तक्रार असते, आणि तिचे खरे उत्तर हेच की तो न सापडणे हाच त्या व्यवस्थेचा हेतू आहे. यजमानाने दया येऊन आपल्या खोलीतली भिंतीतली तार पाहुण्याच्या लॅपटॉपला लावून दिली, किंवा स्वतःचा कर्मचारी म्हणून मिळालेला पासवर्ड त्याला सांगितला, तर सगळी विभागणी एका क्षणात व्यर्थ होते. म्हणून पाहुण्यासाठी लिहिलेल्या नियमांइतकाच हा यजमानासाठीचा नियम मोठ्या अक्षरांत लिहावयास हवा. माझ्या मते या विषयातला सर्वांत अधिक मोडला जाणारा नियम हाच आहे, आणि तो मोडणाऱ्याला आपण सौजन्य दाखवीत आहोत असेच वाटत असते.

आता ओळखीचा प्रश्न. पाहुण्याकडून मोबाइल क्रमांक मागणे, त्यावर सांकेतिक अंक पाठविणे आणि ते भरल्यावरच दार उघडणे, ही पद्धत आपल्या देशात कशी रूढ झाली याचा इतिहास महाराष्ट्रातच घडलेला आहे, आणि तो क्लेशकारक आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोटमालिका झाली. ती सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी स्वीकारणारा ईमेल आला. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईत सानपाड्यास, तेथे भाड्याने राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी पोहोचले, आणि त्याचे वायफाय परस्पर दुसऱ्या कोणी वापरले होते असे आढळले. ऑगस्टमध्ये तसाच दुसरा ईमेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा तिसरा चेंबूरच्या एका व्यापारी कंपनीच्या जोडणीवरून गेला. तिन्ही ठिकाणचे लोक निरपराध होते, आणि तिन्ही ठिकाणी तपास प्रथम त्यांच्याच दारी येऊन उभा राहिला. या प्रकरणांनंतर, फेब्रुवारी २००९ मध्ये, दूरसंचार विभागाने उघड्या वायफायला मज्जाव करणारे आदेश काढले, आणि सार्वजनिक ठिकाणी जोडणी देताना वापरणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी किंवा त्याच्या मोबाइलवर लघुसंदेशाने प्रवेशाचे शब्द पाठवावेत, अशी रीत घालून दिली.

नोंद ठेवण्याची गरज यापुढची आहे, आणि ती समजण्यासाठी एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत, आणि ते सर्व जगाला मिळून. त्यामुळे संस्था आपल्या पाहुण्यांना आतल्या आत, दहा या अंकाने सुरू होणारे खासगी पत्ते वाटते, आणि दारावरचे यंत्र त्या शेकडो पाहुण्यांचे संदेश एकाच सार्वजनिक पत्त्याच्या नावे बाहेर धाडते. बाहेरच्या जगाला पाहुणा दिसत नाही, संस्था दिसते. उद्या कोणी फिर्याद केली की अमुक वेळी या पत्त्यावरून आमच्या बँकेवर हल्ला झाला, तर संस्थेपाशी फक्त तिचे स्वतःचे दफ्तर असते. त्या दफ्तरातली एक ओळ कशी असते? उदाहरणादाखल: दिनांक, सकाळी अकरा वाजून चार मिनिटे सतरा सेकंद; आतला खासगी पत्ता; उपकरणाचा बारा अक्षरांचा क्रमांक; पडताळलेला मोबाइल क्रमांक; बाहेर जाताना मिळालेला द्वार-क्रमांक (पोर्ट); आणि ज्या पत्त्याकडे संदेश गेला तो पत्ता. यांतला उपकरणाचा क्रमांक पूर्वी भरवशाचा मानला जाई. परंतु अलीकडचे फोन, अँड्रॉइडच्या दहाव्या आणि आयफोनच्या चौदाव्या आवृत्तीपासून, प्रत्येक नेटवर्कला निराळा, कल्पित क्रमांक सांगतात, आणि म्हणून मोबाइलवरच्या सांकेतिक अंकांचे महत्त्व वाढले आहे.

या ओळीतील सेकंदही महत्त्वाचा असतो. तोच द्वार-क्रमांक काही मिनिटांनी दुसऱ्या पाहुण्याला मिळालेला असतो, आणि संस्थेचे घड्याळ पाच मिनिटे मागे असेल तर दफ्तर अत्यंत प्रामाणिकपणे भलत्याच माणसाचे नाव सांगते. २८ एप्रिल २०२२ रोजी भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे 'सर्ट-इन'ने, काढलेल्या निर्देशांत या गोष्टीची दखल घेतलेली आहे: संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत, नोंदी १८० दिवस जपाव्यात, आणि हल्ला वा घुसखोरी ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत वर्दी द्यावी. म्हणून आपल्या लॅपटॉपमध्ये विषाणू शिरल्याचा संशय येताच पाहुण्याने लाजेखातर गप्प न बसता तत्काळ संगणककक्षाला कळवावे, हा नियमपत्रातला नियम नुसता औपचारिक नाही. संस्थेचे सहा तास त्यावर अवलंबून असतात.

दुसऱ्याचा पासवर्ड वापरू नये, आपला दुसऱ्याला देऊ नये, जाळ्याची चाचपणी करू नये, परवानगीवाचून माहिती उतरवू नये, या सूचनांमागे २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. त्याच्या ४३व्या कलमात ही कृत्ये भरपाईस पात्र ठरविली आहेत. तीच अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास ६६व्या कलमाने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरण्यास ६६-क (६६ सी) या निराळ्या कलमात तीन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली आहे. कलमांची ही जंत्री येथेच सोडून देतो.

संशोधनसंस्थेत मात्र एक प्रश्न असा उद्भवतो, जो रेल्वेस्थानकाच्या वायफायवर उद्भवत नाही, आणि तो म्हणजे ज्ञानाच्या भांडाराचा. संस्थेने वर्गणी भरून घेतलेली शोधपत्रिका वाचकाचे नाव विचारीत नाही. संदेश संस्थेच्या पत्त्यावरून आला एवढे पाहते आणि दार उघडते. पाहुण्याच्या नेटवर्कला तोच पत्ता दिला असेल, तर पाहुण्यालाही ती सारी भांडारे खुली होतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत, तशीच प्रथा होती. कोणाही अभ्यागताला वर्षातून एकूण चौदा दिवस पाहुणा म्हणून जाळे वापरण्याची मुभा असे. सप्टेंबर २०१० मध्ये ॲरन स्वार्ट्झ या बुद्धिमान तरुणाने खोट्या नावाने पाहुणा म्हणून नोंद करून 'जेस्टोर' या शोधनिबंधांच्या भांडारातून लेख स्वयंचलित रीतीने उतरविण्यास प्रारंभ केला. जेस्टोरने तो पत्ता अडविला, तेव्हा त्याने दुसरा घेतला. ऑक्टोबरात तर काही दिवस संपूर्ण एमआयटीचाच प्रवेश बंद झाला, आणि ज्यांचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता ते अध्यापक-विद्यार्थी वाचनावाचून राहिले. पुढे त्याने तळघरातल्या तारांच्या खोलीत लॅपटॉप ठेवून काम चालू ठेवले. ६ जानेवारी २०११ रोजी त्याला अटक झाली तोवर सुमारे ४८ लाख लेख उतरवून झाले होते. जेस्टोरने त्याच्याशी तडजोड केली, पण सरकारी वकिलांनी खटला सोडला नाही. आरोपांची संख्या तेरावर गेली, आणि ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. ज्या संस्थेचे जाळे पाहुण्यांना खुले होते त्या संस्थेत त्याचा प्रवेश 'अनधिकृत' होता काय, या प्रश्नाचा निवाडा त्यामुळे न्यायालयात कधी झालाच नाही.

या घटनेकडे मी नियमांच्या कैवाऱ्याच्या दृष्टीने पाहू शकत नाही. खोटे नाव आणि तारांची खोली यांचे समर्थन करता येत नाही, हे खरे. परंतु सार्वजनिक पैशाने झालेले संशोधन ज्याच्यापाशी संस्थेचा पत्ता आहे त्यालाच वाचता यावे, हा अन्याय त्या तरुणाला असह्य झाला होता, आणि तो अन्याय आपल्याकडेही होताच. जबलपूरच्या एखाद्या लहान महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्राचा शिक्षक एका निबंधासाठी मोठ्या संस्थेत पाहुणा म्हणून जाऊन बसे, याचे मूळ त्यातच आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना मिळावीत, यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये ठेवण्यात आले. हे पाऊल मोठे आहे. तरी ते सरकारी संस्थांच्या उंबरठ्यापर्यंतच येते, आणि पाहुण्याचा प्रश्न शिल्लक राहतो. माझे मत असे की, संस्थेने पाहुण्याच्या नेटवर्कवरून ही भांडारे सरसकट बंद ठेवावीत, पण ग्रंथालयात दोन-चार संगणक अभ्यागतांसाठी अवश्य मांडावेत. प्रकाशकांचे पुष्कळसे करार ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या वाचकाला वाचनाची मुभा देतात, आणि ती मुभा पाहुण्याला ठाऊकच नसते.

विद्यापीठीय पाहुण्यासाठी एक सुंदर व्यवस्था नेदरलँड्समध्ये २००२-०३ च्या सुमारास उदयास आली, ती 'एड्युरोम'. भारतात तिचा कारभार एर्नेट इंडिया पाहते. या व्यवस्थेत नागपूरच्या प्राध्यापकाची आणि जबलपूरची यजमान, अशा दोन्ही संस्था सभासद असतील, तर प्राध्यापकाने आपल्या घरच्याच संस्थेचे नाव आणि पासवर्ड वापरावयाचा असतो. जबलपूरचे यंत्र तो पासवर्ड उघडून पाहत नाही. ते फक्त नावामागचा संस्थेचा भाग वाचते, विनंती बंद पाकिटातल्याप्रमाणे नागपूरला पोहोचविते, आणि तिकडून 'हा आमचा माणूस' असे उत्तर आले की जोडणी देते. अशा पाहुण्याला दोन्ही संस्थांचे नियम लागू होतात, आणि त्याने कसूर केल्यास त्याची घरची संस्था जाब विचारते. यात पाहुण्याला कोठेही आपला मोबाइल क्रमांक ठेवून जावे लागत नाही, हा मोठाच लाभ आहे.

कारण ते दफ्तर, ज्याची एक ओळ आपण वर पाहिली, पाहुण्याच्या खासगी जीवनाचेही दफ्तर असते. आजकाल बहुतेक संकेतस्थळे आपला मजकूर सांकेतिक रूपात धाडतात, त्यामुळे पाहुण्याने काय लिहिले हे संस्थेला वाचता येत नाही. परंतु तो कोणत्या रुग्णालयाच्या, कोणत्या पक्षाच्या, कोणत्या बँकेच्या स्थळावर किती वेळ होता, हे पुष्कळदा कळते. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती कोणत्या हेतूने घेतली हे आधी सांगण्याचे बंधन घातले आहे, आणि संमती मागताना साधी, सुबोध भाषा वापरावी व इंग्रजीबरोबरच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत ती वाचण्याचा पर्याय द्यावा, असे म्हटले आहे. सरायकायद्यातले ते पाचवे कर्तव्य दीडशेहून अधिक वर्षांनी असे परत आले. जबलपूरच्या दृष्टीने त्यात एक उणीव राहतेच: ज्या गोंड राजांची राजधानी गढ्यास होती त्यांची गोंडी भाषा आठव्या अनुसूचीत नाही. मंडला-डिंडोरीकडच्या अभ्यागताला हिंदीचाच आधार घ्यावा लागेल. पण निदान ती हिंदी असावी, आणि ती कचेरीतली नसून बाजारातली असावी.

असे पान लिहिणे कठीण नाही. एका मोबाइलच्या पडद्यावर मावेल एवढ्यात सांगावयाचे ते इतकेच: ही जोडणी इतक्या दिवसांची आहे, तुमचा क्रमांक आणि भेट दिलेल्या पत्त्यांची नोंद आम्ही १८० दिवस ठेवू आणि नंतर पुसून टाकू, ती नोंद कायदेशीर आदेशावाचून कोणाला देणार नाही, आतली यंत्रे तुम्हाला दिसणार नाहीत, ती शोधू नका, आपला प्रवेश-शब्द कोणाला देऊ नका, लॅपटॉप विचित्र वागू लागला तर ताबडतोब आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही, आणि तक्रार असेल तर या खोलीत या अधिकाऱ्याला भेटा. त्याखाली खोलीचा क्रमांक, दूरध्वनी आणि अधिकाऱ्याचा हुद्दा खरा असावा, आणि पाहुणा फोन करील तेव्हा तो उचलला जावा.